परसातला शिक्रा

चैत्रातल्या एका सकाळी आमच्या परसातल्या खारी एकाएकी ओरडू लागल्या. खारींचे ओरडणे तसे रोजचेच. मांजर दिसले तरी त्या ओरडतात. परंतु त्या दिवशी एक खार शेवग्याच्या खोडाला उलटी चिकटून, शेपटी झटकत, एकाच सुरात 'चिक् चिक्' करीत राहिली. सातभाईंनी कुंपणात शिरून कलकलाट मांडला. जास्वंदीत घरटे केलेली बुलबुलांची जोडी या फांदीवरून त्या फांदीवर घिरट्या घालीत होती. मी वर पाहिले, आणि त्याच क्षणी आंब्याच्या गर्द पालवीतून एक राखी पक्षी बाणासारखा खाली आला, जास्वंदीला घासून गेला आणि पलीकडच्या भिंतीवर जाऊन बसला. त्याच्या पंजात बुलबुलाचे पिलू होते.

माझी नात आठवीत आहे. घरटे तिनेच प्रथम पाहिले होते, आणि पिलांना पिसे केव्हा फुटतात हे ती रोज लांबून पाहत असे. ती धावत घरात गेली आणि बेचकी घेऊन आली. "आजोबा, तो परत येईल. मी त्याला इथे टिकूच देणार नाही," ती म्हणाली. मी तिच्या हातातून बेचकी घेतली खरी, पण मलाही त्या क्षणी त्या पक्ष्याचा राग आलाच होता. शेवटी आमचे असे ठरले की, पावसाळा लागेपर्यंत त्याच्यावर दोघांनी पाळत ठेवावयाची, दिसेल ते वहीत लिहावयाचे, आणि मग काय तो निकाल द्यावयाचा.

पहिला प्रश्न ओळखीचा. हा पक्षी शिक्रा. आकाराने साधारण पारव्याएवढा. नराची पाठ निळसर राखी, पोटावर तांबूस रंगाच्या बारीक आडव्या रेघा आणि डोळे लालभडक. मादी नरापेक्षा मोठी, पाठीवर तपकिरी झाक असलेली, आणि तिचे डोळे नारिंगी-पिवळे. पहिल्या वर्षाच्या पोराची पाठ तपकिरी असते, छातीवर थेंबांसारखे उभे ठिपके असतात व डोळे फिकट पिवळे. म्हणजे दुर्बीण असेल तर केवळ डोळ्यांच्या रंगावरून घरातले कोण आले आहे याचा अंदाज करता येतो. आमच्या पिलाचा चोर नर होता. जुन्या पुस्तकांतून याचे शास्त्रीय नाव ॲक्सिपिटर बेडियस असे आढळेल. १७८८ मध्ये ग्मेलिन या शास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. जनुकांच्या अभ्यासानंतर अलीकडच्या पक्षिसूच्यांत मात्र त्याला टॅकिस्पायझा या प्रजातीत घातले आहे. तेव्हा दोन पुस्तकांत दोन नावे दिसली तर गोंधळू नये.

ओळखीत एक मोठी फसगत संभवते. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे ओरडणारा पावशा हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो. तीच राखी पाठ, पोटावर तसेच पट्टे, शेपटीवर तशाच आडव्या पट्ट्या, एवढेच काय, काही वेळ पंख मारून मग तरंगत जाण्याची उडण्याची ढबही तीच! नातीने पहिल्याच आठवड्यात वहीत दोनदा पावशाला शिक्रा म्हणून लिहिले. चोच पाहावी. शिक्र्याची चोच आखूड व आकड्यासारखी खाली वळलेली असते. पावशाची तशी नसते. पावशा हा कोकिळेच्या कुळातला. तो आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो, आणि हे शिकारी सोंग त्याला तिथे उपयोगी पडत असावे असे मानतात. याला थोडा आधारही आहे. इंग्लंडमध्ये डेव्हिस व वेलबर्गेन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पक्ष्यांच्या खाण्याच्या जागेजवळ पेंढा भरलेली तिकडची कोकिळा ठेवली, तेव्हा तिथे येणारे छोटे वल्गुली पक्षी तिला शिकारी पक्ष्याइतकेच भ्याले. मात्र कोकिळेच्या पोटावरील पट्टे झाकले तेव्हा ते इतके बिचकले नाहीत.

शिक्र्याची शिकार कशी चालते, हे पाहण्यासारखे आहे. घार उघड्या आकाशात तासन् तास तरंगते. शिक्रा दडून बसतो. त्याचे पंख आखूड व टोकाला गोलसर, आणि शेपटी लांब. अशा पंखांनी फार दूर तरंगत जाणे सोपे नाही, परंतु फांद्यांच्या जाळीतून डावी-उजवीकडे झटकन वळता येते, आणि लांब शेपटी सुकाणू व गतिरोधक अशी दोन्ही कामे करते. भक्ष्य धरल्यावर तो चोचीने मारीत नाही. लांब बोटांच्या पंजात आवळून मारतो. ससाण्याची रीत वेगळी आहे. त्याच्या वरच्या चोचीला दातासारखा एक कोपरा असतो व तो भक्ष्याच्या मानेचा चावा घेतो.

बसलेला शिक्रा मधूनच डोके वर-खाली वा बाजूला हलवितो. नातीला ते पाहून हसू येई. कारण असे आहे की, शिकारी पक्ष्यांचे डोळे फार मोठे असतात व हाडाच्या कड्याने खोबणीत असे घट्ट बसविलेले असतात की ते आपल्या डोळ्यांसारखे फिरविता येत नाहीत. म्हणून डोकेच हलवावयाचे. आपण एक डोळा मिटून, हातभर अंतरावर बोट उभे धरावे आणि डोके डावी-उजवीकडे हलवावे. जवळचे बोट खूप सरकल्यासारखे वाटते, दूरची भिंत फारशी नाही. या फरकावरून अंतराचा अंदाज बांधता येतो. शिवाय आपल्या डोळ्याच्या दृष्टिपटलावर सर्वांत स्पष्ट दिसण्याची जागा, म्हणजे गर्तिका, एकच असते. यांच्या प्रत्येक डोळ्यात दोन असतात, एक बाजूला पाहण्यासाठी व एक समोर पाहण्यासाठी. शिक्रा मान तिरकी करून एका डोळ्याने दूर टक लावून पाहताना दिसला, तर तो ही बाजूची गर्तिका वापरीत आहे असे समजावे.

आता वहीकडे वळू. आम्ही रोज सकाळी सात ते आठ या वेळात पडवीत बसत असू. शिक्रा आला की वेळ, बसण्याची फांदी, त्याच्या आधी कोण ओरडले आणि पंजात काय होते, एवढेच लिहावयाचे. पंजातला जिन्नस ओळखता आला नाही तर 'ओळखले नाही' असेच लिहावयाचे, हा मात्र कडक नियम होता. ज्येष्ठ संपेपर्यंत जी नोंद झाली तीत सर्वाधिक वेळा सरडे व पाली होत्या. काही वेळा उंदराचे पिलू, दोनदा मोठा नाकतोडा. पक्षी थोडेच. त्यातही एक चिमणी होती की बुलबुल, यावर आमचा वाद झाला व नियमाप्रमाणे तिथे 'ओळखले नाही' लिहिले गेले. भिंतीवरच्या ज्या कोपऱ्यावर तो भक्ष्याची पिसे उपटीत असे, तिथे खाली थोडी पिसे व दोन करड्या गोळ्या सापडल्या. न पचलेले केस व खवले तो गोळी करून ओकून टाकतो. घुबडाच्या गोळीत उंदराची हाडे सापडतात. शिक्र्यासारखे दिवसाचे शिकारी हाडेही बरीचशी पचवितात, त्यामुळे गोळीवरून पूर्ण जेवण कळत नाही.

आणखी एक गंमत झाली. दोनदा शिक्र्याची तीक्ष्ण 'टी-टुई' हाक ऐकून आम्ही धावलो, तर तारेवर कोतवाल! कोतवाल ही नक्कल करून साळुंक्यांना घाबरवितो व त्यांनी टाकलेला किडा पळवितो, हे पक्षिनिरीक्षकांनी नोंदलेले आहे.

वैशाखात एक दिवस मी नातीला एक हिशेब घातला. बुलबुलाची एक जोडी वर्षात दोन वेळा प्रत्येकी तीन अंडी घालते असे धरू, आणि एकही पक्षी मरत नाही असेही धरू. वर्षाअखेरीस दोनाचे आठ होतील, म्हणजे दर वर्षी चौपट. पाच वर्षांनी किती? तिने पाटीवर केले: २०४८. आमच्या जास्वंदीत ते मावणारे नाहीत. म्हणजे शिक्रा असो वा नसो, बहुतेक पिलांना भूक, रोग, मांजर, कावळा यांतले काहीतरी गाठणारच. ती बराच वेळ पाटीकडे पाहत बसली. मग म्हणाली, "हिशेब बरोबर आहे, आजोबा. पण ते पिलू आपलं होतं." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही.

दुसरी गोष्ट मात्र तिला मनापासून पटली. शेजारच्या घरी उंदरांसाठी विषाच्या वड्या टाकीत. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्तावतो, आणि सुस्तावलेला उंदीर शिकाऱ्याला सोपा सापडतो. अन्नसाखळीच्या टोकाला असलेल्याच्या शरीरात खालच्यांचे विष गोळा होते. १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी ब्रिटनमधील संग्रहांतली ससाण्यांची व चिमणमार शिक्र्यांची जुनी अंडी तपासली, तेव्हा १९४७ च्या सुमारापासून कवचे पातळ झाल्याचे आढळले. याचे कारण डीडीटी. मादी उबवावयास बसली की अंडे तिच्याच भाराने फुटे. आपल्याकडे शेतीतील डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली. नात वही घेऊन शेजारी गेली. काय बोलली ठाऊक नाही, पण शेजारच्या काकूंनी वड्या उचलल्या व पिंजरा लावला.

हे सारे पाहताना काही पथ्ये पाळली. शिक्र्याचे घरटे आमच्याच आंब्यावर उंच होते. त्याखाली आम्ही उभे राहिलो नाही, वर चढलो नाही, फोटोसाठी मांसाचा तुकडा टाकला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये हा पक्षी संरक्षित आहे. पूर्वी शिकारी लोक शिक्रे माणसाळवून तितर-लाव्यांवर सोडीत. आज त्याला धरणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. अंडी उबण्यास १८ ते २१ दिवस लागतात असे वाचले होते. आम्हाला अंडी दिसलीच नाहीत, म्हणून तो रकाना रिकामा आहे.

बुलबुलांनी मे महिन्यात रातराणीत पुन्हा घरटे बांधले. वहीतली शेवटची नोंद नातीच्या अक्षरात अशी आहे: 'सकाळी ७.२०. खार ओरडली. आंब्यावर शिक्र्याची दोन पोरे, छातीवर ठिपके, डोळे पिवळे. एकाने सरड्यावर झेप घेतली, सरडा निसटला. बुलबुलाची दोन पिले तारेवर.' बेचकी अजून माझ्या कपाटात आहे. तिने ती परत मागितलेली नाही.