गेम किती वीज खातो? मीटरलाच विचारू या!



लाइट बिल जास्त आले की पुष्कळ घरांत एक ठरलेला वाद होतो. "दिवसभर त्या कॉम्प्युटरवर गेम खेळत बसतोस, मग बिल वाढणार नाही तर काय!" असे आई-बाबा म्हणतात. "गेमला कितीशी वीज लागते? रात्रभर ए. सी. चालतो तो कोण लावतं?" असे उत्तर मिळते. दोन्ही बाजू अगदी ठाम असतात, पण आकडा कोणाकडेच नसतो. आम्हा विज्ञान शिकवणाऱ्यांना हा वाद मोजून मिटवण्यासारखा वाटतो. त्यासाठी लागणारे यंत्र प्रत्येकाच्या घरात आधीपासूनच बसवलेले आहे. ते म्हणजे विजेचे मीटर.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ

उपकरण वीज किती वेगाने खाते ते वॅटमध्ये मोजतात. एकूण किती वीज खाल्ली ते युनिटमध्ये मोजतात. नळाची धार म्हणजे वॅट आणि बादलीत साठलेले पाणी म्हणजे युनिट असे समजा. १००० वॅटचे उपकरण १ तास चालले की १ युनिट होते. १०० वॅटचे उपकरण १० तास चालले तरी १ युनिटच होते. म्हणून हिशोब करताना दोन्ही गोष्टी विचाराव्या लागतात: किती वॅट आणि किती तास.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. संगणकाच्या डब्यातील पॉवर सप्लायवर ४५० किंवा ६५० वॅट असे छापलेले असते. संगणक सतत तेवढी वीज खातो असे नाही. तो पॉवर सप्लाय जास्तीत जास्त किती वॅट पुरवू शकतो, ते त्या आकड्यावरून कळते. संगणक प्रत्यक्षात किती वीज घेतो, ते त्याच्यावर काय चालले आहे यावर ठरते. पत्र टाइप करताना आणि मोटारींची शर्यत खेळताना एकाच संगणकाचे वॅट पाच-सहा पटींनी बदलू शकतात.

लुकलुकणाऱ्या दिव्याचा प्रयोग

आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ १६०० किंवा ३२०० असा आकडा छापलेला असतो. १ युनिट वीज खर्च होईपर्यंत तो दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. तुमच्या मीटरवर ३२०० असेल, तर १० लुकलुकींना ११,२५० ज्यूल ऊर्जा लागते. आठवी-नववीच्या मुलांनी हे स्वतः पडताळून पाहावे: १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, भागिले ३२००, गुणिले १०. मग सूत्र सोपे होते:

वॅट = ११,२५० ÷ १० लुकलुकींना लागलेले सेकंद

(मीटरवर १६०० असेल तर ११,२५० ऐवजी २२,५०० घ्यावे.)

प्रयोग मोठ्यांच्या देखत करावा. मीटरला किंवा वायरींना हात लावू नये, फक्त दिवा पाहावा. फ्रीज, ए. सी. आणि पाण्याची मोटर प्रयोगापुरती बंद ठेवावी, कारण ती मधेच चालू झाली तर मोजणी बिघडते. ज्यांच्या गच्चीवर सोलर आहे त्यांनी हा प्रयोग सूर्य मावळल्यावर करावा. एकाने संगणकापाशी बसावे, दुसऱ्याने मीटरपाशी घड्याळ घेऊन उभे राहावे. पहिली लुकलुक दिसली की तिला 'शून्य' म्हणावे आणि तिथून दहा मोजावेत.

समजा, संगणक बंद असताना, म्हणजे घरात फक्त पंखा आणि दिवे चालू असताना, १० लुकलुकींना ९० सेकंद लागले. म्हणजे १२५ वॅट. मग संगणक चालू केला, पण त्यावर काहीच केले नाही. आता ६० सेकंद लागले, म्हणजे सुमारे १८७ वॅट. शेवटी भारी ग्राफिक्सचा गेम सुरू केला, तेव्हा २५ सेकंदांत दहा लुकलुकी झाल्या, म्हणजे ४५० वॅट. वजाबाकी केली की नुसता चालू ठेवलेला संगणक मॉनिटरसह सुमारे ६२ वॅट घेतो आणि गेम खेळताना ३२५ वॅट घेतो, हे हाती येते. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या घरचे आकडे वेगळे येतील आणि तेच खरे धरायचे.

आता पैशांचा हिशोब

हिशोबापुरता १ युनिटचा दर ८ रुपये धरू. तुम्ही आपल्या बिलावरचा दर घ्या. महिना ३० दिवसांचा.

१. मोबाइलवरचा गेम: ५००० एमएएचची बॅटरी रोज एकदा पूर्ण चार्ज केली तर प्लगमधून साधारण २५ वॅट-तास जातात. महिन्याला पाऊण युनिट, म्हणजे ६ रुपये.

२. साधा लॅपटॉप, ४० वॅट, रोज ३ तास: ३.६ युनिट, सुमारे २९ रुपये.

३. टीव्हीला जोडलेला मोठा गेमिंग कन्सोल, टीव्ही धरून ३०० वॅट, रोज ३ तास: २७ युनिट, २१६ रुपये.

४. आपल्या उदाहरणातला संगणक, ३२५ वॅट, रोज ३ तास: सव्वाएकोणतीस युनिट, २३४ रुपये.

५. बेडरूमचा ए. सी., सरासरी १००० वॅट, रोज रात्री ८ तास: २४० युनिट, १९२० रुपये.

पाहिलेत? बिलासाठी मोबाइलवर रागावणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे झाले. पण गेमिंगच्या संगणकाला आणि कन्सोलला संन्याशांत बसवता येणार नाही. मुलांनो, तुमचे 'कितीशी वीज लागते' हे म्हणणेही तिथे टिकत नाही.

या यादीत अजून एक ओळ राहिली आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. खेळ संपल्यावर तोच संगणक बंद न करता रोज १५ तास तसाच चालू राहिला तर काय होते? कोणी डाउनलोड लावून झोपते, कोणी 'पुन्हा बसायचेच आहे' म्हणून उठून जाते. ६२ वॅट गुणिले १५ तास म्हणजे ९३० वॅट-तास. आणि ३ तासांचा गेम? ९७५ वॅट-तास. म्हणजे कोणीही खेळत नसताना संगणकाने जवळजवळ खेळाइतकीच वीज खाल्ली! खेळाची निदान मजा तरी मिळाली, या विजेचा कोणालाच उपयोग झाला नाही. आपले सर्वांत सोपे बचतीचे काम इथेच आहे.

गेमलाच एवढी वीज का लागते?

१९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. त्यात चेंडू म्हणून एक चमकणारा ठिपका इकडून तिकडे जात असे. आजच्या साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. गेम चालू असताना त्या सगळ्यांचे रंग सेकंदाला ६० वेळा नव्याने ठरवावे लागतात, म्हणजे दर सेकंदाला १२ कोटींहून जास्त वेळा! फोर-के पडद्यावर हे काम चौपट होते.

हे काम ग्राफिक्स कार्ड करते. त्याच्या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म स्विच असतात आणि प्रत्येक उघडझापीला थोडी वीज खर्च होते. थेंबे थेंबे तळे साचे, तसे ते साचत जाते. २०२२ साली आलेल्या एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४०९० या एकाच कार्डाची मर्यादा ४५० वॅट होती. २०२५ साली आलेल्या ५०९० ची ५७५ वॅट आहे. यात संगणकाचा बाकीचा भाग धरलेला नाही.

अमेरिकेत एव्हन मिल्स आणि नॅथॅनिएल मिल्स या पितापुत्रांनी २०१५ साली या विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला. गेमसाठी खास बांधलेला एक संगणक वर्षाला सुमारे १४०० युनिट, म्हणजे तीन फ्रीजइतकी वीज घेतो, असा त्यांचा अंदाज होता. जगातल्या संगणकांत असे संगणक फक्त अडीच टक्के, पण संगणकांच्या एकूण विजेत त्यांचा वाटा सुमारे २० टक्के! त्याच अभ्यासात चांगली बातमीही होती. सुटे भाग नीट निवडले आणि सेटिंग बदलली तर खेळाची गंमत कमी न करता यातली पाऊण वीज वाचू शकते.

संगणकात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. ३२५ वॅटचा गेम म्हणजे खोलीत लावलेला लहानसा हीटर. मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात त्याच खोलीत ए. सी. चालू असेल तर ती उष्णता बाहेर टाकायला ए. सी. ला आणखी शंभरएक वॅट लागतात.

आणि ही वीज येते कुठून? आपल्या गुजरातेत सौर आणि पवन वीज वाढते आहे, तरी महीकाठच्या वणाकबोरीसारखी कोळशावरची केंद्रे चालूच आहेत. कोळशापासून १ युनिट वीज करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. रोज रात्री उगाच चालू राहिलेल्या संगणकाचे महिन्याचे सुमारे २८ युनिट म्हणजे सतरा-अठरा किलो तरी कोळसा झाला.

घरी काय करता येईल

• उठताना संगणक शट डाउन करावा. थोड्या वेळाने परत बसायचे असेल तर स्लीपमध्ये टाकावा. स्क्रीन सेव्हरने वीज वाचत नाही. जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र राहून डाग पडू नये म्हणून तो निघाला होता.

• गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेटची मर्यादा ६० ठेवावी. पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवू शकत असेल, तर कार्डाने २०० तयार करून काय उपयोग? मर्यादा नसेल तर काही गेममध्ये नुसता मेनू उघडा ठेवला तरी कार्ड जोरात राबत राहते.

• कन्सोल 'एनर्जी सेव्हिंग'वर ठेवावा. एक्सबॉक्सच्या नव्या कन्सोलला स्लीपमध्ये १० ते १५ वॅट लागतात, एनर्जी सेव्हिंगवर अर्धा वॅट.

• नव्या गेमसाठी दरवर्षी नवा मोबाइल मागू नये. मोबाइलमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा भाग तो कारखान्यात तयार होतानाच झालेला असतो. जुना फोन जास्त दिवस वापरणे हीच मोठी बचत.

विश्वस्तांसाठी दोन ओळी

समजा, शाळेच्या संगणक कक्षात ३० संगणक आहेत आणि दोन तासिकांच्या मधे ते रोज २ तास नुसतेच चालू राहतात. प्रत्येकी ६० वॅट धरले तर २२ दिवसांत ७९ युनिट होतात. ही मोजणी मुलांकडूनच करून घ्यावी आणि निकाल सूचनाफलकावर लावावा, असे आम्ही सुचवतो. संगणक आपोआप स्लीपमध्ये जाण्याची सेटिंग करायला पैसे लागत नाहीत. नवीन खरेदीच्या वेळी किंमतपत्रकात वॅटचा रकानाही मागवावा.

शेवटी, दोन वाद वेगळे ठेवू या

पालकहो, मुलाने किती वेळ खेळावे हा प्रश्न खरा आहे. अभ्यास, झोप, डोळे, मैदानावरचा खेळ, घरातल्यांशी बोलणे या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे. पण तो विजेच्या नावाखाली लढू नये. मोबाइलवर पाच तास खेळले तरी वीज काही पैशांचीच जाते, म्हणून ते पाच तास योग्य ठरत नाहीत. मुलांनो, तुम्हीही हे लक्षात ठेवा. वीज कमी लागते हे सिद्ध केले म्हणजे जास्त वेळ खेळायची परवानगी मिळाली असे होत नाही. बिलाचा प्रश्न मीटरला विचारावा आणि वेळेचा प्रश्न घरात एकत्र बसून सोडवावा.

स्वाध्याय

१. आपल्या मीटरवरील आकडा पाहून आपल्या घरासाठीचे सूत्र तयार करा.

२. संगणक, टीव्ही किंवा कन्सोल 'बंद', 'नुसता चालू' आणि 'खेळ चालू' अशा तीन स्थितींत मोजा. प्रत्येक मोजणी तीनदा करून सरासरी काढा.

३. घरातील सर्वांत जास्त वीज घेणारी तीन उपकरणे शोधा. मोजण्याआधी घरातील प्रत्येकाचा अंदाज लिहून घ्या आणि नंतर तुलना करा.

४. एक सवय ठरवून महिनाभर पाळा आणि किती युनिट वाचले ते लिहा.

वह्या आपल्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. आजी-आजोबांना मीटरपाशी उभे करून घेतलेल्या मोजण्याही चालतील!