आईच्या हातावर दोन, माझ्या दंडावर एक

प्रश्न : माझ्या आईचा जन्म १९५८चा, पालघरजवळच्या खेड्यातला. तिच्या डाव्या हातावर कोपराखाली रुपयाएवढे दोन गोल वण आहेत. ‘देवी काढल्याचे’ असं ती सांगते. मी १९८४चा, माझ्या डाव्या दंडावर एकच बारीक वण आहे. मुलीच्या दंडावरही तसाच, धाकट्या मुलाच्या मात्र काहीच नाही. हे सगळे एकाच लशीचे का? आणि आईला त्या लशीचा आता काही उपयोग?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : एकाच लशीचे नाहीत. आईचे वण देवीच्या लशीचे. तुमचा आणि मुलीचा बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लशीचा. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५मध्ये सापडला. एप्रिल १९७७मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने देश देवीमुक्त ठरवला आणि त्यानंतर लवकरच सरसकट देवी काढणं थांबलं. त्यामुळे तुमच्या हातावर तो वण असायचं कारणच नाही. तरी चाळिशीतली कितीतरी मंडळी बीसीजीचा वण दाखवून ‘या देवीच्या’ असं ठासून सांगतात!

आईचा हात उजेडात तिरका धरून बघा. देवीचा वण पसरट, जरासा खोल असतो. आत बारीक खळगे आणि कडेकडे जाणाऱ्या रेषा दिसतात. बीसीजीचा लहान, कधी किंचित उचललेला.

आईला देवी काढल्या त्या बहुधा फिरकीने. दांडीच्या टोकाला बारीक दात्यांची छोटी चकती असायची. हातावर लशीचा थेंब ठेवायचा, त्यावर चकती दाबायची आणि गर्रकन फिरवायची, तेही दोन-दोन जागी. कातडी खरवडून निघायची. देवी काढणारा आल्याचं कळलं की शाळेतली पोरं मागच्या दाराने पसार व्हायची ती काही उगाच नाही. पुढे, १९७०च्या सुमारास, दोन टोकांची सुई आली. टोकांमधल्या फटीत बरोब्बर लागेल तेवढीच लस मावायची; एकाच जागी पंधरा वेळा झटपट टोचलं की काम झालं. लस कमी लागायची आणि टोचायला शिकायलाही फार वेळ लागत नसे.

खरा वण मात्र हत्यारापेक्षा त्यानंतरच्या तीन आठवड्यांत घडायचा. लशीत जिवंत विषाणू असे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाल फोड, मग त्यात पाणी, आठवड्याभराने पू, काखेत गाठ, अंगात कणकण. शेवटी काळी खपली धरायची आणि ती पडली की खाली खळगा. आठवड्याने पुन्हा हात बघायचे, ‘उठल्या’ नसतील तर परत टोचायचे. उठलेला वण हाच दाखला. कागद हरवला तरी हात हरवत नाही.

तुमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. केळव्याच्या किनाऱ्यावरचं शीतलादेवीचं देऊळ तुम्ही पाहिलं असेलच. देवी आल्या की घरात फोडणी द्यायची नाही, रोग्याजवळ कडुलिंबाचा पाला ठेवायचा, हा रिवाज होता. रोग हाच शीतलादेवीचा वावर मानला जाई. साहजिकच देवी मुद्दाम ‘काढून घेणं’ काहींना अवघड वाटे. मला यात अडाणीपणापेक्षा भीती जास्त दिसते. देवीच्या उग्र प्रकारात दहांतले सुमारे तीन रोगी दगावत, वाचलेल्यांचे चेहरे कायमचे खडबडीत होत, काहींचे डोळे जात. अशा रोगाशी अदबीनेच वागणार माणूस.

बाकी मोहिमेला यंत्रसामग्री फारशी लागलीच नाही. देवीच्या लशीला वीज नको होती नि बर्फही. गोठवून सुकवलेली ती भुकटी उन्हाळ्यातही टिके. वासरा-रेडकांच्या कातडीवर ही लस वाढवत. देशातल्या चार कारखान्यांपैकी एक बेळगावात होता; टिळकवाडीतल्या त्या जागेला आजही ‘व्हॅक्सीन डेपो’ म्हणतात.

आईच्या उपयोगाचं म्हणाल तर भक्कम संरक्षण साधारण पाच ते दहा वर्षांचं. पण शरीराची आठवण दशकानुदशकं थोडीफार शिल्लक राहते. २०२२मध्ये देवीच्याच कुळातला एमपॉक्स पसरला तेव्हा देवी काढलेल्या वयस्कांना त्याचा काही अंशी आडोसा मिळाला असावा, असं अभ्यासकांचं मत पडलं. त्या भरवशावर निष्काळजी राहू नये, एवढंच. या कुळातले विषाणू आपल्याकडेही आढळतात. २००९मध्ये सोलापूर-कोल्हापूरकडे म्हशींच्या सडांवर फोड आले आणि धारा काढणाऱ्यांच्या हातांवरही तसेच उठले. तो विषाणू देवीच्या लशीतल्या विषाणूचा सख्खा नातलग. इंग्लंडच्या डॉ. जेन्नरला १७९६मध्ये लशीची वाट दाखवली तीही गवळणीच्या हातावरच्या अशाच फोडांनी. पुराव्यासाठी इंग्लंडला जायची गरज नाही.

राहिला धाकटा. बीसीजी देऊनही काही मुलांच्या दंडावर वण उठतच नाही. त्याच्या लसीकरण कार्डावर नोंद असेल तर पुन्हा टोचायची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नोंदच सापडत नसेल तर कार्ड घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.