पोच घेतल्याशिवाय उठू नका

मला सेरेब्रल पाल्सी आहे. डोकं चालतं, पण लिहायला बसलं की उजव्या हाताची बोटं आखडतात. शाळेत सगळ्यांना ते माहीत होतं. माझी वही कधी अपुरी राहिली तर कुणी रागावत नसे. दहावीला वडिलांनी जादा वेळेचं विचारलं, तर उत्तर आलं, "आपलंच पोरगं हाय, कागद कशाला?"

केंद्र पडलं दुसऱ्या शाळेत. तिथं मी कुणाचंच पोरगं नव्हतो. मंजुरीच्या यादीत नाव नाही, म्हणून वेळ नाही. येत असलेली उत्तरं कोरी ठेवून उठलो.

मला कुणी हाकललं नव्हतं. उलट मायेनं वागवलं. नडली ती हीच तोंडी माया. म्हणून मुरगूड परिसरातल्या पालकांना, त्याहून जास्त मुलांना सांगतो: नववीतच अर्ज द्या. मुलानं स्वतःच्या नावानं द्यावा, सही जमत नसेल तर अंगठा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं आहे. तो आकडा अर्जात लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शाळा ढिम्म राहिली तर कागलला गटशिक्षणाधिकारी, पुढे पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त.

"याला विशेष शाळेत घाला" असं कुणी परस्पर ठरवू लागलं, तर कलम 31 दाखवा. 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, ही निवड मुलाची. आणि टक्के कमी भरले म्हणून लेखनिक नाकारता येत नाही. विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीत बसून 1984 साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. आपल्यासाठी आपणच बोलायचं, हे या जिल्ह्याला काही नवं नाही.

धोरणातली गोम वेगळीच आहे. शाळा दरवर्षी यू-डायस या सरकारी माहितीप्रणालीत दिव्यांग मुलांची नोंद करते. सरकारला आमची मोजदाद हवी असते तेव्हा ती नोंद चालते. मग परीक्षेच्या सवलतीसाठी त्याच मुलानं पुन्हा प्रमाणपत्रं घेऊन दारोदार का फिरायचं? नोंद झाली की सवलत आपोआप लागू व्हावी आणि नको असेल त्यानं तसं कळवावं. ही मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा, आणि ती इतिवृत्तात लिहिली गेली का, तेही वाचून बघा.