घाटात उकळणारी अँबेसेडर

पश्मिन्याच्या खरेदीसाठी जुनी पेट्रोल अँबेसेडर घेऊन श्रीनगरहून लेहला निघणाऱ्या बंधूंनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, घाट आहे तिथेच आहे. झोजीला ३,५२८ मीटर उंच. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते. विरळ हवा रेडिएटरची उष्णताही कमी ओढून नेते.

गाडी तापली की मिस्त्री नवा रेडिएटर सुचवतो. आम्ही म्हणतो, आधी झाकण पाहा. ७ पौंड दाबाचे झाकण धड असेल तर पाणी शंभराच्या पुढेच उकळते. झाकणाचे रबर चिरले की दाब निसटतो आणि पुन्हा तेच ८८. एवढ्याशा रबरापायी इंजिनचे हेड वाकवून घेणे हा कसला सौदा?

मग पंख्याचा पट्टा आणि इग्निशनचे टायमिंग तपासावे. चढावर खालचा गिअर ठेवावा, पंखा जोरात फिरतो. काटा चढू लागला तर थांबून बोनेट उघडावे, इंजिन मंद चालू ठेवावे. पाणी उकळून बाहेर आले तर मात्र बंदच करावे. गरम झाकण उघडू नये.

काटा जागेवर असून गाडी अडखळते, तेव्हा बहुधा पेट्रोलच्या नळीत वाफ धरलेली असते. नळीवर ओले फडके गुंडाळावे. कापडवाल्याच्या गाडीत फडक्यांचा तोटा नसतो.