कोड : डाग त्वचेवर, विटाळ मनात

कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. शरीराची संरक्षणव्यवस्थाच त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट करते, म्हणून पांढरे डाग पडतात. शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने कोड पसरत नाही. दूध-मासे एकत्र खाल्ल्यानेही होत नाही. तरीही जळगाव-धुळ्याकडे डाग पाहून सोयरीक मोडते. शिवाशिवीचा जाच पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या आपल्या समाजाला हे शोभत नाही.

पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. ते न लपवता त्यांनी ‘श्वेता असोसिएशन’ उभी केली आणि कोड असलेल्यांना एकत्र आणले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ (२००६) हा चित्रपट याच विषयावर आहे. गायक मायकेल जॅक्सन यांनी १९९३ साली मुलाखतीत आपला त्वचारोग जगाला सांगितला. त्यांचा स्मृतिदिन, २५ जून, जागतिक कोड दिन म्हणून पाळतात.

आपण काय करावे?

१. डागावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करावी. तोही औषधाने बरा होतो.

२. कोडासाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मलम, प्रकाशोपचार, काहींना त्वचारोपण करतात. थायरॉईडही तपासून घ्यावे.

३. खानदेशच्या उन्हात पांढरी त्वचा लवकर भाजते. रुमाल, पूर्ण बाह्या वापराव्यात.

४. भोंदूंचे जळजळीत लेप लावू नयेत.

डाग असलेल्या मुलीचे स्थळ आले, तर तिचे शिक्षण आणि स्वभाव विचारू या. डाग मोजायला नको.