वृद्धाश्रमातील आईचा औषधोपचार

प्रश्न : माझी ७८ वर्षांची आई धार येथील वृद्धाश्रमात असते, मी देवासला. तिच्या औषधोपचाराची व्यवस्था कशी ठेवावी?

उत्तर : वार्धक्यात मूत्रपिंडांची कार्यशक्ती मंदावल्याने नेहमीच्या मात्रेतील औषधही शरीरात साठून गुंगी, तोल जाणे, चित्तभ्रम असे उपद्रव उत्पन्न करू शकते, म्हणून निरनिराळ्या डॉक्टरांनी दिलेल्या सर्व औषधांची एकच यादी करून ती एकाच डॉक्टरांकडून नियमित तपासून घ्यावी आणि तिची नक्कल आश्रमाच्या दप्तरी ठेवावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २० मध्ये सरकारी रुग्णालयांत वृद्धांसाठी स्वतंत्र रांगेची तरतूद आहे. शिवाय २०२४ पासून सत्तरी गाठलेल्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेत कुटुंबागणिक दरसाल ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळतात. त्यासाठी आयुष्मान कार्ड सत्वर काढावे. इंदूरमार्गे धार दूर नाही. आईची विचारपूस जातीने करीत जा.