बाप्तिस्मा देणारा पडला तर?

आजचे वाचन : प्रेषितांची कृत्ये १९:१-७



इफिसात पौलाला सुमारे १२ शिष्य भेटले. त्यांचा बाप्तिस्मा आधीच झाला होता, पण तो योहानाचा. पवित्र आत्म्याविषयी त्यांना काहीच माहीत नव्हतं. योहान ज्याच्याकडे बोट दाखवत होता तो येशूच, हे पौलाने त्यांना समजावलं आणि त्यांनी प्रभू येशूच्या नावात बाप्तिस्मा घेतला.

"माझा आधीचा बाप्तिस्मा चालेल का, की पुन्हा घ्यावा?" असं कोणी विचारलं की बहुतेक वेळा हाच उतारा पुढे केला जातो. म्हणून पौलाने काय तपासलं ते नीट बघू या. पाणी किती खोल होतं, त्यांना त्या वेळी काय वाटलं, देणारा माणूस कसा होता, यातलं त्याने काहीच विचारलं नाही. तो बाप्तिस्मा कोणाशी जोडणारा होता, एवढंच पाहिलं. योहानाचा बाप्तिस्मा येणाऱ्याची वाट पाहण्याचा होता. त्यामुळे इफिसातला हा दुसरा बाप्तिस्मा खरं तर त्यांचा पहिलाच ख्रिस्ती बाप्तिस्मा होता.

आता अध्याय ८ मधला शिमोन घ्या. त्याने विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतला आणि नंतर पवित्र आत्म्याचं दान पैशाने विकत मागितलं! पेत्राने त्याला कडक शब्दांत सुनावलं, पश्चात्ताप कर, प्रार्थना कर म्हणून सांगितलं. पुन्हा बाप्तिस्मा घे, असं मात्र सांगितलं नाही.

माझ्यासाठी हा विषय पुस्तकी नाही. ज्या पाळकांनी मला बाप्तिस्मा दिला, पुढे त्यांचं पतन झालं. मंडळीच्या पैशाचा अपहार झाला आणि त्यांची सेवाही सुटली. डोक्यावरचे ते हात आठवले की पोटात कालवायचं. ते हातच असे, तर माझा बाप्तिस्मा खरा कसा?

हाच प्रश्न मंडळीने १७०० वर्षांपूर्वी झेलला आहे. सन ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशनने छळ सुरू केला. उत्तर आफ्रिकेतल्या काही अध्यक्षांनी तेव्हा जीव वाचवायला पवित्र शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली केल्याचा आरोप झाला. डोनाटिस्ट म्हणू लागले की अशांच्या हातचा बाप्तिस्मा बाद, पुन्हा घ्या. सन ३१४ मध्ये आर्ल येथील परिषदेने ठरवलं की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावात बाप्तिस्मा झाला असेल तर तो पुन्हा देऊ नये. पुढे ऑगस्टीनने योहान ४:२ कडे लक्ष वेधलं. बाप्तिस्मा येशू स्वतः देत नसे, शिष्य देत. त्या शिष्यांत यहूदाही होता. तरी यहूदाने दिलेला बाप्तिस्माही ख्रिस्ताचाच, असं ऑगस्टीनने मांडलं.

हे वाचलं आणि माझं मन निवलं. मी पुन्हा बाप्तिस्मा घेतला नाही. त्या पाळकांसाठी मात्र रोज प्रार्थना करतो, कारण त्यांना धरून ठेवणारं नावही तेच आहे.

बालपणीच्या बाप्तिस्म्याबद्दल मंडळ्यांचं एकमत नाही. काही मंडळ्या आधी स्वतःच्या विश्वासाची कबुली मागतात. काही बाळाला बाप्तिस्मा देऊन पुढे दृढीकरण करतात. तुमचा प्रश्न तो असेल तर आपल्या पाळकांसोबत वचन उघडून बसा, घाई करू नका. पण देणारा पडला म्हणून, किंवा आपणच मधे थंड झालो म्हणून, पुन्हा पाण्यात उतरायची गरज नाही. थंड झालेल्याला पश्चात्तापाची वाट उघडी आहे, प्रभुभोजनाचा मेज मांडलेला आहे.

मननासाठी : १ करिंथ १:१३-१७ वाचा. आपण किती जणांना बाप्तिस्मा दिला हे पौलाला धड आठवतही नाही! माझा भरवसा माणसाच्या हातावर आहे की ख्रिस्ताच्या नावावर?

प्रार्थना : हे प्रभू येशू, माणसं पडतात, पण तू पडत नाहीस. तुझ्या नावात जे एकदा झालं त्यात मला स्थिर ठेव. जे पडले त्यांना उचल. आमेन.